बंगल्यावरून दिसणारे गाव: ध्रुवीकरण नेत्यांना कसे दिसते?

कृष्णाकाठचा (सांगली), धागाकर्ता

एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून मी एकोणीस वर्षे काम केले आणि त्या काळात दोन्ही तटांच्या नेत्यांच्या बंगल्यांवर इतक्या सकाळी घालवल्या, की कोणत्या व्हरांड्यात चहात साखर जास्त पडते हेही मला सांगता येईल. ध्रुवीकरणाची चर्चा आपण बहुधा दोनच अंगांनी करतो: मतदार का विभागले गेले, आणि नेत्यांनी त्यांना कसे विभागले. नेत्याला स्वतःला ही फूट केवढी दिसते, कुठे बसून दिसते आणि ती कोणाची करणी वाटते, हे सहसा कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण भाषणात काय बोलायचे, तिकीट कोणाला द्यायचे आणि कोणत्या गल्लीत फिरकायचेच नाही, हे नेता आपल्याला दिसणाऱ्या समाजावरूनच ठरवत असतो.

एक सकाळ सांगतो. वेळ साडेसातची होती. व्हरांड्यात लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या तीन रांगा होत्या आणि पहिल्या रांगेत नेहमीचेच दहा-पंधरा जण बसले होते. साहेब अंघोळ आटोपून येईपर्यंत पीए दोन फोन घेऊन कोणत्या ग्रुपवर कोणी काय टाकले याची उजळणी करत होता. साहेब आले, बसले आणि त्यांनी विचारले, ‘काय म्हणतंय गाव?’ पहिल्या रांगेतून उत्तर आले, ‘गाव लई तापलंय, साहेब.’ त्याच गावचा एक म्हातारा संजय गांधी निराधार योजनेचा परत आलेला अर्ज घेऊन चपलांच्या ढिगाशेजारी उभा होता. त्याला कोणी काही विचारले नाही. परतताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला, म्हणून मी विचारले की गावात खरेच एवढे तापले आहे का. तो म्हणाला, ‘भांगलणीला बाई मिळंना झालीया, कोण तापतंय?’

त्या दिवशी साहेबांनी मला समजावले होते की वरच्या पातळीवर आमचे एकमेकांशी काहीच वैर नाही, खालची पोरे मात्र ऐकत नाहीत आणि समोरचे त्यांना फूस लावतात. दोनच दिवसांनी विरुद्ध तटाच्या नेत्याने हेच वाक्य जवळजवळ शब्दशः मला ऐकवले. फक्त ‘समोरचे’ बदलले होते.

अलीकडे या विषयावरचे परदेशी संशोधन वाचनात आले, तेव्हा हे दोन्ही व्हरांडे आठवले. अमेरिकेत डेव्हिड ब्रूकमन आणि ख्रिस्तोफर स्कॉव्रॉन यांनी २०१२ आणि २०१४ मध्ये राज्यांच्या विधिमंडळांसाठी उभ्या राहिलेल्या उमेदवारांना, आपल्या मतदारसंघातील किती लोक अमुक धोरणाच्या बाजूचे आहेत, असे विचारले आणि ते अंदाज प्रत्यक्ष जनमताशी ताडून पाहिले. दोन्ही पक्षांच्या राजकारण्यांना आपले मतदार होते त्याहून बरेच अधिक परंपरावादी वाटत होते आणि रिपब्लिकन उमेदवारांची चूक अधिक मोठी होती. पुढे बेल्जियम, कॅनडा, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या देशांत अशीच तपासणी झाली तेव्हा कल तसाच निघाला. निवडून आलेल्या प्रतिनिधींचे जनमताचे अंदाज सामान्य नागरिकांच्या अंदाजांपेक्षा काही सरस नसतात, हेही याच चार देशांतील अभ्यासातून दिसले. ब्रूकमन आणि स्कॉव्रॉन यांनी सुचवलेले एक कारण आपल्या ओळखीचे आहे. जे लोक आपणहून प्रतिनिधीशी संपर्क साधतात ते साऱ्या मतदारांचा नमुना नसतात. म्हणजे तिकडेही पहिली रांग आहेच.

माझे म्हणणे एवढेच की नेत्याला समाजातील फूट पहिल्या रांगेच्या उंचीवरून दिसते, म्हणून ती त्याला आहे त्याहून मोठी वाटते. आणि तिचे मूळ तो कधीही स्वतःत शोधत नाही. सातारा-सांगलीकडील सभासदांचा अनुभव काय आहे?

कराडचा मास्तर

धागा चांगला आहे, पण अमेरिकेचे माप आपल्याकडे जसेच्या तसे लावू नये. तिकडे दोन पक्ष आहेत आणि पक्षनिष्ठा ही माणसाची जवळजवळ ओळखच झालेली आहे, त्यामुळे समोरच्या पक्षाच्या माणसाबद्दल वाटणारी नावड तिथे मोजता येते. आपल्याकडे जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली आणि सकाळचा विरोधक संध्याकाळी व्यासपीठावर हार घालून घेऊ लागला; अशा ठिकाणी पक्षावरून माणसाचा द्वेष करणे कार्यकर्त्याला परवडत नाही. आपले तट पूर्वी घराण्यांचे आणि कारखान्यांचे होते. वसंतदादा आणि राजारामबापू यांच्या गटांतील ताण सांगली जिल्ह्यातील दोन पिढ्यांनी अनुभवला, पण दोन्हीकडे ऊस, सहकार आणि जात साधारण तीच होती. जातीच्या आणि धर्माच्या रेषेवर पडणारी फूट ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे गट बदलून सुटका होत नाही.

नेत्यांच्या दृष्टीचा प्रश्न राज्यशास्त्रात जुना आहे. आरंड लाइपहार्ट यांनी १९६८ मध्ये नेदरलँड्सबद्दल असे मांडले की कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी आणि उदारमतवादी असे समाजाचे वेगवेगळे खांब असूनही तिथली लोकशाही टिकली, कारण या खांबांच्या शिखरावरच्या नेत्यांना फुटीचा धोका कळत होता आणि ते आपसांत तडजोड करत होते. १९९६ मध्ये त्यांनी भारतालाही हेच सूत्र लावून पाहिले. त्यांच्या मांडणीत फूट खाली असते आणि शहाणपण वर असते. कृष्णाकाठच्या साहेबांनी व्हरांड्यात सांगितले तेही वेगळे नव्हते. फरक इतकाच की लाइपहार्ट यांच्या नेत्यांना त्या शहाणपणाची किंमत आपल्या अनुयायांकडून मोजावी लागत असे.

वाळव्याचा पैलवान

नेत्याला कळत नाही म्हणून तो चुकतो, हे म्हणणे मला भाबडेपणाचे वाटते. त्याला सगळे कळते. आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात: दोघांचे आधीच ठरलेले असते, घाम मात्र खरा गाळायचा आणि माती उडवायची. साताऱ्याच्या जिल्हा बँकेच्या २०२१ च्या निवडणुकीत राष्ट्रवादीचे नेते आणि भाजपचे आमदार एकाच सहकार पॅनेलमध्ये होते. विधानसभेला एकमेकांवर तुटून पडणारी ही माणसे पतपुरवठ्याचा प्रश्न आला की एका टेबलावर बसतात, आणि गावात मात्र त्यांच्या फलकांवरून सख्खे चुलतभाऊ बोलायचे बंद होतात. फूट त्यांना खरोखरच भयंकर वाटत असती, तर जी सहमती बँकेत जमते ती गावात का जमत नाही? फुटीचा अंदाज चुकतो असे नाही. फुगवलेला अंदाज त्यांच्या सोयीचा असतो. ‘समोरचे एकत्र आले आहेत, आता आपणही एक व्हा’ हे वाक्य विकायचे असेल तर समोरचे एकत्र आहेत असे मानावेच लागते.

कृष्णाकाठचा (सांगली)

पैलवान, आपला मुद्दा निम्मा मान्य आहे. सोय असते, यात वाद नाही. पण ज्या ठिकाणी चुकीचा अंदाज स्वतःलाच महाग पडतो, तिथेही अंदाज चुकतात, त्याचे काय करायचे? आपण दिलेल्या त्याच बँकेच्या निवडणुकीत जावळी सोसायटी गटात शशिकांत शिंदे २४ विरुद्ध २५ अशा मतांनी, म्हणजे एका मताने पडले. एकूण मतदार पन्नासच्या आतबाहेर, प्रत्येकाचे घर माहीत, प्रत्येकाचा व्याही माहीत, आणि उमेदवार माजी मंत्री. एवढ्या मुठीत मावणाऱ्या मतदारांचाही हिशेब लागत नसेल, तर लाखोंच्या मतदारसंघातील एखाद्या समाजाच्या मनात काय आहे हे व्हरांड्यात बसून कळते, असे कसे मानावे?

२०२४ च्या लोकसभेला सांगलीची जागा आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाखाच्या मताधिक्याने निवडून आले. वरच्या पातळीवर ज्यांनी जागावाटप केले त्यांना सांगली कळली नव्हती. हे उदाहरण धर्माच्या वा जातीच्या फुटीचे नाही, हे मी जाणतो. पण त्यातून एवढे नक्की दिसते की चुकीचा अंदाज हा दर वेळी डाव नसतो. माझा अनुभव असा आहे की सोयीसाठी सांगितलेली गोष्ट वर्षभर रोज ऐकली की सांगणाऱ्यालाही ती खरी वाटू लागते. नुरा कुस्तीतही कधीकधी खरा हात लागतो आणि मग दोघेही पेटतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

वाईकर

मास्तरांनी घराण्यांच्या तटांचा उल्लेख केला, पण सातारा जिल्ह्याने याहून खोल फूट पाहिली आहे. सत्यशोधक चळवळीच्या काळातील ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद इथल्या गावागावांत पोहोचला होता, आणि १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या राजकारणाला ‘बेरजेचे राजकारण’ हे नाव पडले, त्याला ही पार्श्वभूमी आहे. वजाबाकी कशी होते, हे त्या पिढीने घराच्या दारात उभे राहून पाहिले होते.

पण त्याच यशवंतरावांची नजरही एकदा चुकली, आणि ती सगळी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडली, म्हणून ती इथे सविस्तर लिहितो. १९५५ च्या डिसेंबरात फलटणला त्यांनी, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू, अशी भूमिका जाहीर केली. काँग्रेसच्या वर्तुळात ती निष्ठेची आणि शहाणपणाची मानली गेली असणार. लोकांच्या मनात त्या भूमिकेने काय केले ते १९५७ च्या निवडणुकीत कळले: पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची धूळधाण केली आणि द्वैभाषिकाचे, म्हणजे मराठी आणि गुजराती भाषकांच्या एकत्रित मुंबई राज्याचे, मुख्यमंत्री असलेले यशवंतराव कराडमध्ये अगदी थोडक्या मतांनी वाचले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी नेहरू आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली आणि ती शांततेत पार पडली. माझे वडील त्या दिवशी वाईच्या बाजूला रस्त्याच्या कडेला काळे निशाण घेऊन उभे होते. मोटारीतून नेहरू दिसले तेवढ्या वेळात निशाण हलवायचेच ते विसरले, असे ते हसत सांगत. शेजारी उभे राहिलेले सगळे त्यांच्याच पेठेतले होते, त्यांत दुकानदार होते, शाळामास्तर होते आणि दोन जण तर आदल्या निवडणुकीपर्यंत काँग्रेसचे काम करत होते.

दिल्लीला तोवर हा प्रश्न मूठभर चिथावणीखोरांचा वाटत असेल, तर त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांनी त्याचे उत्तर दिले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले त्यामागे कारणे अनेक होती, पण प्रतापगडच्या त्या दिवसाला त्यांत मोठे स्थान दिले जाते. मला यात लक्षणीय वाटते ते हे, की नेत्याला जनमत भेटायला आलेल्या शिष्टमंडळाकडून कळले नाही. ते त्याला मोटारीच्या काचेतून, कोणी वेचून न आणलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर वाचावे लागले. शिवाय या प्रकरणात नेत्याची चूक उलटी होती, हेही धागाकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. समाज आपल्यापासून किती दूर गेला आहे, हे त्याला आहे त्यापेक्षा कमी वाटत होते.

मिरजेची मी

वाईकरकाकांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि त्याला जोडूनच मला काही सांगायचे आहे. मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील कमानीच्या चित्रावरून दंगल झाली, संचारबंदी लागली, आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, ते मी पुन्हा उगाळत नाही. मला सांगायचे आहे ते एका बैठकीबद्दल, जी त्यानंतर काही वर्षांनी एका सणाआधी झाली आणि जिच्यात एका महिला मंडळाची प्रतिनिधी म्हणून मी चुकून गेले होते.

शांतता समितीची बैठक होती. खुर्च्या कोणी मुद्दाम तशा मांडल्या होत्या असे नाही, पण आत शिरणारा प्रत्येक माणूस आपापल्या बाजूला जाऊन बसत होता, आणि पाचच मिनिटांत मधे वाट ठेवून दोन गट समोरासमोर झाले. मी दाराजवळच्या बाकावर बसले, कारण महिला मंडळाची बाजू कोणती हे मला कळले नाही. आलेले नेते एका बाजूकडे वळून म्हणाले, ‘तुमच्या लोकांना समजावून सांगा,’ आणि मग दुसऱ्या बाजूकडे वळून तेच म्हणाले. दोन्ही बाजूंच्या मान्यवरांनी मान डोलावली. माझ्या शेजारी तंतुवाद्ये बनवणाऱ्या गल्लीतले एक वयस्कर कारागीर बसले होते. त्यांच्याकडे तानपुरे दुरुस्तीला टाकणारी गिऱ्हाइके, त्यांना भोपळे पुरवणारे शेतकरी आणि दर्ग्याच्या उरुसातील संगीतसभेला बसणारे श्रोते यांची जर कोणी यादी केली, तर ‘तुमचे लोक’ या शब्दाचा अर्थ लावणे अवघड झाले असते. त्यांना बोलायला सांगितले नाही. चहा आला, सह्यांचे पान फिरले, बैठक संपली.

त्या नेत्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. ते खरोखर काळजीत होते. पण शहरात दोन समाज राहतात आणि त्या प्रत्येकाचे ‘म्होरके’ असतात, असे त्यांच्या डोळ्यांसमोरचे चित्र होते, आणि त्या चित्राप्रमाणेच निमंत्रणे गेली होती. मग बैठकीत दोनच बाजू दिसल्या आणि चित्र खरे ठरले.

कराडचा मास्तर

मिरजेच्या ताईंनी जे दोन खुर्च्यांच्या गटांबद्दल लिहिले, ते उत्तर आयर्लंडमध्ये चक्क नियमात लिहिलेले आहे. एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथल्या विधानसभेत निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याला आपण युनियनवादी (ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे), राष्ट्रवादी (आयर्लंडशी एकीकरण हवे असलेले) की ‘इतर’ हे नोंदवावे लागते, आणि काही महत्त्वाच्या निर्णयांना पहिल्या दोन्ही गटांचा पाठिंबा लागतो. रक्तपात थांबवण्यासाठी ही रचना उपयोगी पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००७ मध्ये एकेकाळचे कट्टर वैरी, युनियनवादी इयान पेझली आणि राष्ट्रवादी मार्टिन मॅगिनेस, एकत्र सरकार चालवू लागले, आणि जाहीर कार्यक्रमांत इतके मनमोकळे हसू लागले की वृत्तपत्रांनी त्यांना ‘हसरे बंधू’ अशा अर्थाचे नाव दिले. पण तिथल्या वार्षिक जनमत पाहणीत २०१८ मध्ये सुमारे निम्म्या लोकांनी, आपण युनियनवादीही नाही आणि राष्ट्रवादीही नाही, असे सांगितले. सभागृहात मात्र ‘इतर’ सदस्यांचे मत त्या कळीच्या हिशेबात त्याच वजनाने धरले जात नाही. नेत्यांच्या समोर दोनच रकाने असतील तर तिसरा माणूस त्यांना दिसणार कसा?

पेझली-मॅगिनेस यांच्या हास्याची दुसरी बाजूही आहे. ते पाहून पेझली यांच्याच जुन्या अनुयायांत नाराजी पसरली आणि साधारण वर्षभरात त्यांनी पद सोडले. म्हणजे लाइपहार्ट ज्याला शहाणपण म्हणतात ते पहिल्या रांगेला गद्दारी वाटते. आपल्याकडचा नेता बँकेत हसतो आणि सभेत गरजतो, त्याचे कारण मला यात दिसते.

कोरेगावकर

आरक्षणाच्या प्रश्नावर थोडेच लिहितो. २ सप्टेंबर २०२५ ला मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि त्यापाठोपाठ सातारा गॅझेटचे आश्वासन मिळाले, तेव्हापासून आमच्या भागातील प्रत्येक नेता दोन भाषणे खिशात घेऊन फिरतो. मराठा आणि ओबीसी मतदारांना एकमेकांचे ऐकू जात नाही, असा त्यांचा समज असावा. आमच्या पारावर दोन्ही भाषणांच्या चित्रफिती एकाच फोनवर, एकापाठोपाठ एक पाहिल्या जातात.

वाळव्याचा पैलवान

कोरेगावकरांचे वाचून हसू आले. मिरजेच्या ताईंच्या बैठकीबद्दल मात्र माझे मत थोडे बदलले आहे. तिथे नुरा कुस्ती नव्हती, हे मान्य करतो. तरीही विचारतो: सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल झाली आणि एक जीव गेला. अशा वेळी नेता म्हणाला की ‘फूट मला वाटते तेवढी मोठी नाही, माझी पहिली रांगच ती फुगवते’, तर ते त्याने कोणत्या तोंडाने म्हणायचे? बहुसंख्य लोक भांगलणीतच असतात. आग लावायला दहा जण पुरतात.

माजी सरपंच, खटाव तालुका

पैलवानांच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. दहा जणांची बाब पोलिसांनी पाहावी आणि उरलेल्यांची नेत्यांनी, एवढेच मी म्हणू शकतो. पण नेत्याला कसे दिसते, हे विचारले आहे म्हणून स्वतःचे सांगतो. सरपंच हा नेताच असतो, गाव लहान असले तरी.

थेट सरपंचपदाच्या निवडणुकीला मी दुसऱ्यांदा उभा होतो. आमच्या तीन नंबरच्या वॉर्डात बहुतेक घरे एकाच समाजाची आहेत. वर्षभर आधी एका मिरवणुकीच्या मार्गावरून त्या गल्लीत आणि आमच्या आळीत बाचाबाची झाली होती. माझ्या पॅनेलच्या पोरांनी मला यादी काढून दाखवली: तीन नंबरमध्ये आपली मते शून्य, फार तर दोन-चार, तिकडे गेलात तर इकडची बिघडतील. मी यादीवर विश्वास ठेवला. पंधरा दिवसांच्या प्रचारात मी त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीपलीकडे गेलो नाही. गिरणीवाला रोज विचारायचा, ‘आत येणार न्हाईसा व्हय, आप्पा?’ आणि मी रोज म्हणायचो, उद्या.

मतमोजणी तहसीलला झाली. वॉर्डवार आकडे वाचत होते. एक नंबरमध्ये मी पुढे होतो, दोन नंबरमध्ये, म्हणजे आमच्या आळीत, अपेक्षेपेक्षा मागे पडलो. तीन नंबरचे वाचन झाले तेव्हा मी आकडा परत विचारला, कारण मला वाटले मतदान यंत्र बदलले. त्रेसष्ट मते होती. एकदाही आत न गेलेल्या माणसाला त्या गल्लीने त्रेसष्ट मते दिली होती, आणि मी अकरा मतांनी पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन मी स्वतः गिरणीवर गेलो. गिरणीवाल्याने डबा ठेवून घेतला, पट्टा चढवला आणि यंत्राच्या आवाजात ओरडून म्हणाला, ‘आता तरी आत चला, च्या ठेवलाय.’